मोगऱ्याचं पाणी

मोगऱ्याला फुलं हवी असतील तर त्याचं पाणी तोडावं लागतं. हे मला आईने शिकवलं, आणि लातूरच्या आमच्या गल्लीत मी ते इतक्या जणींना शिकवलं की पुढेपुढे ती अक्कल माझीच असल्यासारखी मी सांगू लागले. मार्गशीर्ष लागला की पाणी बंद. पानं पिवळी पडून गळतात, काड्या वाळल्यासारख्या दिसतात, बघवत नाही. तरी हात आवरायचा. संक्रांत झाली की छाटणी, बुडाशी खणून शेणखत, आणि मग पोटभर पाणी. फाल्गुनात झाड कळ्यांनी भरून येतं. माया करून मधेच पाणी घातलं की नुसता पाला माजतो.

आमचा मोगरा आईच्या गावचा. भूकंप झाला तेव्हा मी लग्न होऊन लातुरात होते. आमच्या भिंतींना भेगा पडल्या, तेवढ्यावर निभावलं. गावाकडे मातीत बसवलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती होत्या, त्या झोपलेल्या माणसांवर आल्या. आई नुकतीच उठून अंगणात आली होती म्हणून वाचली. वडील आत होते. दुपारपर्यंत त्यांना बाहेर काढता आलं नाही, आणि काढलं तेव्हा ते गेलेले होते. यापलीकडे मला कधी काही कळलं नाही. मी विचारलं की आई उठून कामाला लागायची.

दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढून ती माझ्याकडे आली, तेव्हा कपड्यांच्या गाठोड्याबरोबर एका घमेल्यात हे रोप होतं. अंगणातल्या जुन्या मोगऱ्याची फांदी मातीत दाबून तिने ते तयार केलं होतं. माझ्या घरात तिने हक्काने एकच गोष्ट मागितली, मोरीच्या बाहेरची हातभर जागा. वडिलांचा फोटोसुद्धा ढिगाऱ्यात गेला होता. त्यामुळे दरवर्षी पहिल्या फुलांची ओंजळ ती झाडाच्याच बुडाशी ठेवायची, आणि उरलेल्यांचे गजरे करून गल्लीभर वाटायची. त्या ओंजळीवर तिचं वर्ष चालायचं, हे मला ठाऊक होतं.

पुढे लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. गल्लीत घरावर घर चढलं, प्रत्येक गेटवर ‘फक्त मुलींसाठी’च्या पाट्या लागल्या. आम्हीही वर दोन खोल्या काढल्या. मुखेडच्या, अहमदपूरच्या मुली यायच्या, जाडजूड पुस्तकं घेऊन जिन्यात बसायच्या. कुणी मेडिकलला लागून पेढे द्यायची, कुणी परीक्षा झाली की गुपचूप बॅग भरून गावी जायची. आई सगळ्यांची आजी झाली.

मी सांगते आहे त्या हिवाळ्यात आई फार थकली होती. डॉक्टरांनी हृदय अशक्त झाल्याचं सांगितलं होतं. कधी कधी ती मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारायची. एकदा उन्हात बसल्या बसल्या म्हणाली, “यंदाची फुलं बघीन का गं मी?” मी म्हटलं, बघशील की, न बघायला काय झालं. पण मनात धसका बसला. त्या सालचा मोगरा मी डोळ्यांत तेल घालून सांभाळायचं ठरवलं.

आणि ऐन पौषात झाडाचं बूड ओलं दिसलं. एक दिवस नाही, तीन दिवस ओळीने. छाटणीआधीच काड्यांना कोवळी हिरवी पानं फुटली. माझा स्वभाव तापट, त्यात नळाला आठवड्याने पाणी येणार. वर राहणारी मुखेडची मुलगी परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती आणि सगळ्यांच्या आधी उठून जिन्यात वाचायची. वाळलेल्या झाडाची तिलाच दया आली असणार. मी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. अभ्यास सोडून नसते उद्योग करायचे असतील तर दुसरी खोली बघ, इथपर्यंत बोलले.

“मी न्हाई घातलं, काकू,” एवढंच म्हणाली ती, आणि मान खाली घालून वर गेली. मला तो कोडगेपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला बाहेर आले, तर आई मोगऱ्यापाशी उकिडवी बसलेली. हातात तिच्या उशाचा पिण्याच्या पाण्याचा तांब्या. अगदी बारीक धार धरून ती बुडाशी पाणी सोडत होती.

“आई, काय करतेस हे? पौष चाललाय. तूच शिकवलंस ना?”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “लई वेळचं पाणी मागायलेत.”

“कोण?”

“दगडाखालून आवाज येतोय. आता बारीक झालाय. मघा नीट येत होता.”

मी तांब्या घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला. इतकी वर्षं मी विचारत होते आणि ती उठून कामाला लागत होती, ते का, हे मला तिथे कळलं. दर हिवाळ्याला हे झाड वाळताना ती काय ऐकत असेल, आणि तरी तोंडाने नियम सांगत असेल, या विचाराने मला रडू फुटलं. तांब्या रिकामा झाला. तो माझ्यापुढे धरून ती म्हणाली, “आणखी आण गं, लवकर.” मी आत जाऊन माठातून भरून आणला.

मुखेडच्या मुलीची मी वर जाऊन माफी मागितली. तिने रोज सकाळी जिन्यातून पाहिलं होतं. मग बोलली का नाहीस, विचारलं तर म्हणाली, “तुम्ही आजींवर ओरडल्या असत्या.” खरंच ओरडले असते. माझी मलाच लाज वाटली.

त्या फाल्गुनात मोगरा पाल्याने गच्च झाला आणि त्याला फुलं आली सात. आईने ती ओंजळीत घेतली, मोजली नाहीत, बुडाशी ठेवली. श्रावणात ती गेली.

मोगरा अजून आहे. मार्गशीर्षात गल्लीतल्या बायका मला हसतात, म्हणतात, ताई, पाणी तोडायचं तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मी म्हणते, नियम बरोबरच आहे, तुम्ही तोडा. आणि सकाळी माझा तांब्या भरून घेते.