सात मीटरच्या बाईचं कोपर

निवेस झाक्कारिनीला हसू आवरत नसे, हे तिच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. इटलीतल्या आमच्या पिएवेरोस्सा गावाबाहेर, पो नदीच्या बांधाला लागून, टॉफीला कागद गुंडाळायची यंत्रं बनवणारा एक कारखाना आहे. तिथे ती एकतीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंग्ज काढत होती. आधी तिरक्या फळ्यावर पेन्सिलीनं, मग कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर आले तेव्हा बरोबरच्या दोघातिघांनी कपाळाला हात लावला. निवेसनं मात्र पहिल्याच दिवशी एक चाक काढलं, एक दांडा काढला, दोघांना खिळीनं जोडलं आणि माउसनं चाक धरून फिरवलं. दांडा आपसूक पुढेमागे व्हायला लागला तशी ती एवढ्या मोठ्यानं हसली की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली.

"अगं, झालं काय?"

"हलतंय! मी काढलेलं हलतंय!"

त्यानंतर इतकी वर्षं गेली, पण तिचं ते वेड काही कमी झालं नाही. पंचावन्न-साठ भाग एकमेकांना जोडून झाले की ती खुर्ची जरा मागे सरकवायची, एका कोपऱ्यातला एखादा दांडा माउसनं ओढायची आणि दुसऱ्या कोपऱ्यातला चिमटा टॉफीच्या कागदाला पीळ देतो की नाही ते बघायची. दिला, की स्वतःशीच "हां!" म्हणायची. नवीन माणसाला शिकवताना सांगायची, "प्रत्येक सांध्याला किती मोकळीक द्यायची, एवढंच ठरवायचं असतं. दाराला बिजागरी असते, ते उघडतं नि मिटतं, बस. सगळं घट्ट केलंस तर यंत्राचा दगड होतो, सगळं सैल सोडलंस तर भंगार होतं."

फक्त एका गोष्टीची तिला चुटपुट होती. तिची यंत्रं लाकडी खोक्यांत बंद होऊन दूरदेशी निघून जात. ती चालताना पाहून कुणी टाळी वाजवल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. टॉफीचा कागद बघून कोण टाळ्या वाजवणार?

आता आमच्या कार्निव्हलबद्दल. गावातल्या पाच वस्त्या पाच चित्ररथ काढतात आणि फेब्रुवारीत चौकात एकमेकींची जिरवतात. निवेसची वस्ती वीटभट्टीची. सलग चार वर्षं तिचा पाचवा नंबर. गेल्या वर्षी त्यांचा कोंबडा मान वळवता वळवता अडकला आणि सगळी मिरवणूकभर पाद्रीबाबांच्या खिडकीकडे टक लावून बसला. रथाचं लोखंडी काम करायचा लोरिस बेन्फेनाती, निवेसचा शाळेतला सोबती. हाताला कसब होतं, पण मोजपट्टी म्हणजे आपला अपमान, असं त्याला वाटे.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तो कॉफीच्या बारमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता, "यंदा पोळी लाटणारी बाई! सात मीटर उंच! हातात लाटणं, समोर फळी, आणि हात असे... असे..."

त्याचे हात पुढेमागे होऊ लागले तशी निवेसला फसकन हसू आलं. कॉफी नाकात गेली.

"काय झालं हसायला?"

"लोरिस, ही पोळी लाटतेय की इस्त्री करतेय?"

अख्खा बार हसला. लोरिसचे कान लाल झाले. "मग तूच काढ, कॉम्प्युटरीणबाई! टॉफीला कागद गुंडाळणं वेगळं नि बाई हलवणं वेगळं."

"काढते," निवेस म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लोरिसच्याच घरी गेली, पण लोरिसकडे नाही, त्याच्या आईकडे. आर्जियामावशींचं वय चौऱ्याऐंशी. दर रविवारी आठ अंड्यांत मळलेल्या पिठाची पोळी लाटून तिच्या ताल्यातेल्ले, म्हणजे पास्त्याच्या लांब पट्ट्या, कापायच्या, हा त्यांचा नेम. लाटणं जवळजवळ हातगाडीच्या दांड्याएवढं. निवेसनं पर्समधून मोजपट्टी काढली.

"काय गं, कफनाचं माप घ्यायला आलीस का?"

"नाही हो मावशी, खांद्याचं. तुम्ही लाटत राहा."

मावशी लाटत राहिल्या आणि निवेस त्यांच्याभोवती मुंगीसारखी फिरत राहिली. खांदा ते कोपर, कोपर ते मनगट, लाटणं कुठून कुठपर्यंत जातं. फळीच्या कडेला तिनं पिठानं खुणासुद्धा केल्या. बराच वेळ तिची आकडेमोड जमेना. हातांच्या लांबीपेक्षा लाटणं जास्त लांब जात होतं.

"मावशी, तुमचे हात रबराचे आहेत का?"

"हातांनी कोण लाटतं, पोरी?" मावशी थांबल्या. पिठाचा पंजा त्यांनी आपल्या कमरेवर दाणकन मारला. "इथून लाटायचं. हात नुसते सोबत जातात. हा माझा लोरिस लोखंड ठोकतो पण आईकडे कधी बघत नाही."

निवेसनं मोजपट्टी टाकली आणि मावशींच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. परत जाताना तिच्या नाकावर पीठ होतं, आणि ती सायकलवर मोठमोठ्यानं म्हणत होती, "कंबर! कंबर! कंबर!"

सुट्टीच्या दिवशी ऑफिसातला कॉम्प्युटर वापरायची परवानगी तिनं साहेबांकडून मागून घेतली. मग एकेक भाग उभा राहिला. खाली मोटर आणि एक मोठं चाक. चाकावरून दोन दांडे निघाले, एक कमरेला, दुसरा लाटण्याला. कमरेला खीळ, म्हणजे धड पुढेमागे झुलेल. लाटण्याला फळीवर रूळ, म्हणजे ते सरकेल, उडणार नाही. खांद्याला खीळ, कोपराला खीळ, मनगटाला खीळ. एकूण भाग तेवीस. शेवटची खीळ बसवून तिनं माउसनं चाक धरलं आणि फिरवलं.

बाई वाकली.

डोकं नाही, चेहरा नाही, नुसत्या करड्या नळ्या आणि चकत्या. पण वाकली ती आर्जियामावशीच! कमरेतून पुढे, हात सोबत, मग मागे येताना खांदे किंचित वर. निवेस खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली. तिनं चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं, जोरात फिरवलं. रिकाम्या ऑफिसात एकटीच हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आणि मग चाकाच्या एका फेऱ्याला बाईचं कोपर उलटं वळलं. हात खाली मुडपण्याऐवजी वर मुडपला आणि कोपर थेट जिथे तोंड असायला हवं तिथे गेलं. पुढच्या फेऱ्यात सरळ, त्याच्या पुढच्या फेऱ्यात पुन्हा तोंडात. निवेसला इतकं हसू आलं की तिला टेबल धरावं लागलं. हसू ओसरल्यावर मात्र ती सावकाश, एकेक अंश चाक फिरवू लागली, आणि तिला दिसलं. लाटणं सगळ्यात पुढे जाई तेव्हा हात पूर्ण ताठ होत होता. पूर्ण ताठ झालेल्या हाताला परत येताना दोन वाटा असतात, खाली किंवा वर. कोणती धरायची हे कॉम्प्युटरलाही कळत नव्हतं, मग लोखंडाला कसं कळणार? तिनं कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग आठ सेंटिमीटरनं वाढवला. आता हात शेवटपर्यंत जरासा मुडपलेला राहिला. शंभर फेरे फिरवले. एकदाही चूक नाही.

सोमवारी ती लोरिसच्या कारखान्यात पोचली तर तिनं पाठवलेल्या ड्रॉइंगवरून दंडांच्या नि कोपरापुढच्या हातांच्या नळ्या कापून तयार.

"बघ! चारही. अगदी जुळ्या," लोरिस म्हणाला.

"लोरिस, हातांच्या दोन आठ सेंटिमीटरनं आखूड आहेत."

"आठ? सात मीटरच्या बाईला आठ सेंटिमीटर? डोक्याच्या अंबाड्यात बसतील तेवढे!"

"कोपर तोंडात जाईल तिचं."

"तुझ्या कॉम्प्युटरात जात असेल. माझं लोखंड शहाणं आहे."

 कोपऱ्यातला एक पुठ्ठ्याचा खोका फाडून निवेसनं धड, दंड, हात कापले, टाचण्यांनी जोडले, आपल्या वहीवर बसवून मागे एक चाक लावलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. "ही तुझी मापं. दहाला एक. फिरव."

लोरिसनं एका बोटानं फिरवलं. एक फेरा ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याला कोपर वर उसळलं आणि पुठ्ठ्याच्या बाईनं स्वतःच्याच हनुवटीत ठोसा मारला. लोरिस बघत राहिला. मग त्यानं पुन्हा फिरवलं. पुन्हा ठोसा. त्याच्या मिशा थरथरू लागल्या, आणि तो ऐरणीवर बसून जो हसत सुटला तो थांबेचना. "आई बघेल तर मला घराबाहेर काढेल!" तो डोळे पुसत म्हणाला. "सांग, बाई, सांग. किती लांब कापू?" आणि त्यानं खिशातून, कुणाला सांगू नका, मोजपट्टी काढली.

फेब्रुवारीच्या त्या रविवारी चौक उधळलेल्या कागदाच्या कपट्यांनी पांढरा झाला होता. वीटभट्टीचा रथ कमानीखालून आला तो मान खाली घालूनच, कारण बाईनं लाटायला पुढे वाकूनच कमान ओलांडली होती. ती वेळ निवेसनं चाकाचे फेरे मोजून जमवलेली. चौकात आल्यावर ती ताठ झाली. पिवळ्या चादरींची एवढी मोठी पोळी, निळा रुमाल बांधलेलं डोकं, आणि कंबर! कंबर झुलली आणि गर्दीतून आधी बायकांचाच आवाज उठला. ज्यांनी जन्मभर लाटलं होतं त्यांना ते पहिल्या झोक्यातच कळलं. कुणी तरी हात पुढे केले, शेजारणीनं केले, आणि बघता बघता अर्धा चौक हवेतच पोळी लाटू लागला. बँडवाल्यांनी आपला ताल सोडला आणि बाईचा धरला.

"मोटर वाढव!" निवेस रथाच्या चाकाशी धावत ओरडत होती.

"किती?"

"थोडी! अजून! बस, बस, लोरिस, तिला दम लागेल!"

आर्जियामावशी खुर्चीवर घोंगडी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं. मग शेजारणीला म्हणाल्या, "पोळी जाड आहे. पण कंबर माझी आहे."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. निवेस आधी लोकांबरोबर टाळ्या वाजवत होती. त्या आपल्यासाठी आहेत हे तिला लोरिसनं उचलून रथावर चढवलं तेव्हा कळलं. वर उभी राहून ती हसत होती आणि त्याच वेळी नाक पुसत होती, आणि मागे ती सात मीटरची बाई शांतपणे लाटत होती.

परीक्षकांनी दुसरा नंबर दिला. पहिला गेला गिरणीच्या वस्तीच्या ड्रॅगनला, त्याच्या तोंडातून धूर येत होता म्हणून. वीटभट्टीनं त्या दुसऱ्या नंबरासाठी जेवढी लांब्रुस्को वाइन रिचवली तेवढी पहिल्यासाठीही कुणी रिचवली नसेल.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत गिरणीच्या वस्तीचा सुतार इवानो टोपी हातात घेऊन निवेसच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाई, तुम्ही शत्रूच्या वस्तीतल्या, मला माहीत आहे. पण पुढच्या वर्षी आम्हांला एक ऑक्टोपस करायचाय. आठ हात. सगळे वेगवेगळे हलले पाहिजेत."

"आठ?" निवेस म्हणाली. "एकमेकांत अडकतील ते."

"म्हणूनच तर आलो."

"लोरिस मला जिवंत ठेवणार नाही."

"त्याला सांगायचं कशाला?"

निवेसनं दाराकडे पाहिलं, इवानोकडे पाहिलं, आणि तिला पुन्हा हसू फुटलं. "बसा," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून तिनं नवं पान उघडलं. "एका हाताला किती सांधे?"