बाजेखालची शेगडी

माझे पाय आजाराने नेले नाहीत तेवढे घरच्यांच्या मायेने नेले, हे मी बिनदिक्कत लिहिते.

१९६०च्या सुमाराची गोष्ट. फुलसावंगीजवळच्या एका खेड्यात मी मास्तरीण होते. आधी डावा डोळा धूसर झाला, मग पाय जड. भाऊ मुंबईला होता. त्याने मोठ्या दवाखान्यात नेले. तिथे आजार ओळखायला मला कढत पाण्याच्या टबात बसवले. थोड्याच वेळात पाय लुळे पडले, समोरचा माणूस दुहेरी दिसू लागला. अंग गार केल्यावर पाय परतले. आजाराचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितले, औषध नाही म्हणाले. व्यायाम शिकवणारी बाई मात्र रोज दोन दांड्यांमधून चालवायची, दमायच्या आत बसवायची, मानेवर ओला टॉवेल टाकायची. "काहीही करा, अंग तापू देऊ नका," हे तिने महिनाभर घोकून घेतले. मी स्वतःच्या पायांनी गावी परतले.

यवतमाळात एका डॉक्टरला मुंबईचा कागद दिला. त्याने तो उघडलासुद्धा नाही. "मुंबईचे चोचले मुंबईत. पडून राहा, शेक घ्या."

झाले! आमच्याकडे बाईचे काहीही दुखो, तिला बाळंतीण करायचे. मूल ना बाळ, आणि ऐन चैत्रात माझ्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, दारे बंद, अंगावर घोंगडी.

"आत्याबाई, गरमीनं माहे पाय जातात. मुंबईत टबात घालून दाखवलं मले."

"त्या मुंबईवाल्याले आपल्या नसा काय समजते?" सासू म्हणाली. "शेकल्याबिगर कशा सुटतीन वं?"

नवरा दारातून म्हणाला, "माय म्हणते तं घे न चार दिवस."

चाराचे दहा झाले. अकराव्या दिवशी मला कूसही बदलता येईना. सासूला वाटले, शेक कमी पडला. ती आणखी निखारे घेऊन आली आणि ते घालायला तिने शेगडी उशाशी ओढली. उशाशी पाण्याचा तांब्या होता. दोन्ही मनगटांनी ढकलून मी तो शेगडीवर पालथा केला. राख सगळ्यांच्या नाकातोंडात गेली.

"माही बाज रांजणापाशी न्या, नाहीतर मले भावाकडे धाडा," मी म्हणाले. नवऱ्याने बाज उचलली.

पुढे अंगणात दोन बांबू आडवे बांधून घेतले आणि ऊन चढायच्या आत त्यांना धरून चालू लागले. आषाढापर्यंत उजवा पाय आला. डावा अजून फरफटतो. तो आजारानेच गेला असेल, असे मुंबईच्या डॉक्टरांनी नंतर कळवले. असेल. मला ते आजही पटत नाही.

एकदा वाती वळायला शेजारच्या बायका जमल्या होत्या. सासू त्यांना सांगत होती, "शेकानंच उठली माही सून. तुमच्या घरी कोनाचे पाय गेले, तं शेगडीच लावजा."

माझे डोके फिरले. मी उठले, कोपऱ्यातली ती मातीची शेगडी उचलली, आणि भिंतीला हात न लावता, सगळ्यांच्या मधून, अंगण ओलांडून उकिरड्यावर नेऊन आपटली. तिचे तुकडे झाले. 

परत फिरले तर डावा पाय उचलेना. बांबू दूर होते. भर अंगणात मी तशीच उभी राहिले. शेवटी सासूच उठून आली आणि तिने हात पुढे केला. जगात त्या क्षणी मला नको असलेला तो एकच हात होता, आणि तोच धरून मी घरात आले.