अष्टमीची कोळंबी

पनवेलच्या मासळीबाजारात पायरीजवळ बसणाऱ्या कोळणीला मी मावशी म्हणायचे. नाव कधी विचारलं नाही. तळ्यांत वाढवलेली कोळंबी तेव्हा नुकतीच बाजारात आली होती. आंध्रातून ट्रकने, बर्फाच्या खोक्यांत, सगळी एका मापाची. मावशी तीच विकायची आणि बोलता बोलता तिच्यावर ओंजळीने पाणी शिंपडत राहायची. पण अष्टमीच्या आसपास दोन-तीन दिवस ती बाजारात यायचीच नाही. आठवड्याचा स्वयंपाक आधी ठरवणाऱ्या माझी पंचाईत व्हायची.

"मावशी, खोकी तर रोज येतात. मग सुट्टी कशाला?"

"आठमीचा भांग व्हता ना बाय, भरती बारकी. भांगाला खाडीला पानी चढत नाय, जाल्यात काय गावत नाय. आमी घरी बसतो."

"पण ही कोळंबी खाडीची कुठे आहे?"

"ती नाय. मी हाय ना!" ती हसली.

पुढे व्यापाऱ्याने तिला बजावलं, रोज बसणार नसशील तर खोकी दुसरीला देईन. नंतरच्या अष्टमीला ती पायरीजवळ दिसली. गिऱ्हाइकांना हाक मारत नव्हती.

"बरं झालं आलात," मी म्हटलं.

"खाडी रिकामी, आन माजी टोपली भरलेली," ती हळूच म्हणाली. "उपाशी मानसासमोर जेवाय बसल्यावानी वाटते."

मी अर्धा किलो कोळंबी घेतली आणि वाट वाकडी करून खाडीवरून घरी गेले. पाणी काठापासून लांबच थांबलं होतं. चिखलात एक होडी कलती पडली होती.