बरणीतल्या अळ्या

१९ ऑगस्ट १९७१, दुपारचे चार. आज इतक्या वर्षांनी धुळ्यात, सासरच्या शेताच्या बांधावर, तागाचे पान बोटांत चुरगळले आणि त्या उग्र वासाने ती वेळ परत आली.

फैजपूरच्या आमच्या जैन घरात पर्युषण सुरू होते. हिरवे पान तोडणे वर्ज्य, म्हणून गडी मळ्यातून आणायचा ते तागाचे शेंडे बंद झाले. माझ्या बरणीत वाघ-पतंगाच्या अळ्या होत्या, काळ्या, केसाळ, नारिंगी पट्ट्यांच्या; त्यांना ताग नाहीतर भुरुंडीचे तणच लागते. त्यांचे लाल-काळ्या ठिपक्यांचे पांढरे पतंग होईपर्यंतच्या नोंदी पूर्ण झाल्या, तरच प्राध्यापक एम.एस्सी.साठी नागपूरला शिफारस करणार होते. धुळ्याचे स्थळ ठरत आल्याने मला घराबाहेर सोडत नव्हते.

"त्यांनाही उपास घडू दे," काकू हसल्या.

"उपास आपल्या मर्जीने करतात, काकू. यांना कोणी विचारलं?"

आईने बरणी उचलली. "कोंडलेला जीव या दिवसांत घरात नको. गडी मळ्यात निघालाय, तागात सोडून येईल."

"आणि माझं नागपूर?"

तिने दाराकडे पाहिले. मग बरणी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "लवकर मोजून घे."

तेव्हा मला केवळ संताप आला. आता दिसते की गडी दारात खोळंबला होता, वडील दुकानातून येण्याची वेळ झाली होती, आणि तिच्या हातात तेवढेच होते. मी सर्वांत मोठ्या अळीला पट्टी लावली. लांबी अठ्ठावीस मिलिमीटर.