सायीची वाटी

धाकट्याला पोलिसांनी नेलं, तरी दुधावरची साय त्याच्याच नावानं बाजूला निघायची. माय ती वाटीत झाकून ठेवायची आणि विटली की मांजरापुढं ओतायची. मला एकदाही घे म्हणाली नाही. शेंडेफळ ना ते. जेलातल्या भावावर जळणारा करंटा मीच असंन.

त्यानं आमच्या हळदीत गांजाची झाडं लावली होती. पोलिसांनी ती उपटली आणि घरातून वाळलेल्या पाल्याचं पोतंही नेलं. त्यानं कबूल केलं. पण गुन्हे दोन लागले, झाडं लावल्याचा एक आणि माल बाळगल्याचा दुसरा.

वकील मला म्हणाले, "पोत्यातला माल याच झाडांचा हाय, असं कोणी डोळ्यानं पाहिलेलं सांगावं लागंल. मग मी म्हणंन, करणी एकच, तर दोनदा शिक्षा काहून? दोन्ही संगंच भोगून होतील. न्हाईतर एक संपली की दुसरी सुरू. तुमी पाहिलं का?"

पाहिलं होतं. अर्धी हळद काढून आमी शिजवली, अंगणात वाळत घातली, आणि वर दोरीला त्यानं त्याच गांजाच्या झाडांच्या फांद्या टांगल्या. शिजल्या हळदीच्या वासात तो वास झाकून जातो, हे त्याचं डोकं. मी तिथंच खाली हळद पसरत होतो.

तारखेला हिंगोलीला निघालो तेव्हा माय म्हणाली, "पाहिलं तेवढं बराबर सांग, बाबा. लेकरू कोवळं हाय."

दोन पोरांचा बाप, आणि कोवळं. माझी हयात त्या वावरात गेली, मला कोणी कोवळं म्हटलं नाही. फाट्यावर गाडीची वाट पाहताना तेच डोक्यात घोळत होतं.

कोर्टात विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "मला ठाऊक न्हाई, साहेब."

धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.  शिक्षा दोन लागल्या, एकीमागून एक.

घरी येऊन मायला म्हटलं, "मी सांगितलं, पण त्याहिनं ऐकलं न्हाई."

 ती चुलीपासून उठली, झाकलेली वाटी आणली आणि माझ्या ताटात ठेवली.

"खा," म्हणाली. "माझ्या लेकरासाठी तू लई केलं."

मी खाल्ली. वाटी बोटानं पुसून खाल्ली.