चंदीनं पान शिवलं नाही

फोन आला तेव्हा मी मंचेरियलच्या स्टेशनात गाडीची वाट पाहत उभा होतो. "बापू, तुये मामा गेले," एवढंच मामी बोलली... नेरडीगोंड्याजवळच्या गावात मामा सकाळी कपाशीतून घरी आला, छातीत जळजळतं म्हणाला, घामानं भिजला. मामीनं ओव्याचं पाणी दिलं. गॅस असेल, असं दोघांनाही वाटलं. शेवटी कोणीतरी गाडी आणली, पण तोवर सगळं संपलं होतं.

दत्तूमामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ. आवाज मोठा, राग छोटा आणि जनावरांचं भारी वेड. गोठ्यात शिरला की आधी प्रत्येकाचा ओठ उचलून हिरडी पाहायचा. "गुलाबी हाये त बिनघोर राह्य. पांढरी दिसली त उद्या म्हनू नको, गाडी काढ." एकदा सोयऱ्यांच्या कुत्र्याचाही ओठ उचलायला गेला आणि बोटाला पट्टी बांधून जेवायला बसला. वर "कुत्रं ठणठणीत हाये" म्हणून खूश! आणि हाच माणूस स्वतःच्या छातीत जळजळलं तेव्हा "थोडा पडतो" म्हणाला. मला याचा अजून राग येतो. काढू कोणावर?

चंदी ही त्याची तपकिरी कुत्री. शेत असो की बाजार, ती त्याच्या मागेच. तो गेला आणि तिनं खाणं सोडलं. दारात पडून असायची. भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्याकडे पाहून डोळे पुसायचा, कोणी फोटोही काढायचा. "मुक्या जिवालेही समजते," म्हणायचे. मलाही ते खरं वाटलं, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं.

तेरवीला कावळ्याचं, गाईचं, कुत्र्याचं अशी पानं काढली. कावळा लगेच शिवला. चंदीनं मात्र पुरणपोळीकडे मानसुद्धा वळवली नाही. झालं! मामाची काहीतरी इच्छा राहिली, त्याचा जीव तिच्यात अडकलाय, असं सगळ्यांनी ठरवलं. मामाचे धाकटे चुलतभाऊ काशिनाथमामा तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "दादा, काय अडकलं बाप्पा? तू म्हनत होता ते बोअर पाडतो आमी. वहिनीले अंतर देनार नाई." मग एकेक जण पुढे येऊन त्या कुत्रीला शब्द देऊ लागला. चंदी कशीबशी उठली, बादलीपाशी गेली आणि पाणी पीत राहिली... पीतच राहिली.

"इतकं पानी काऊन पिऊन राह्यली हे?" मामी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. हात पुसत आली, सगळ्या पुरुषमाणसांच्या मधोमध बसली. चंदीचं पोट चाचपलं, ते टणक फुगलेलं. शेपटी उचलली तर खाली पू. ओठ उचलला, हिरडी पांढरीफटक.

"हे रडून नाई राह्यली, मरून राह्यली! गाडी काढ, बापू!"

"पंगत त उठू द्या, वहिनी," काशिनाथमामा म्हणाले.

मामी ताडकन उभी राहिली. तिला असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "त्यायच्या वक्ती बी आपन थांबलोच ना!"

भरल्या पंगतीतून आम्ही आदिलाबादला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासून तेलुगूत सांगितलं, गर्भाशयात पू भरलाय, आत्ताच ऑपरेशन करावं लागेल, वाचेलच असं नाही. मी मामीला ते मराठीत सांगितलं. "करा म्हना," ती म्हणाली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. तिच्या हाताला पुरणाचा वास येत होता. तेरवीचं जेवण ती जेवलीच नव्हती.

चंदी वाचली. पण अंगात त्राण नव्हतं, कशाला तोंड लावत नव्हती. घरी आणल्यावर एका सकाळी तिनं मामीच्या हातावरची दूधभाकर चाटली, मग हळूहळू सगळी खाल्ली. काशिनाथमामा ओट्यावरच बसले होते. त्यांचे डोळे भरून आले. "दादा मोकळा झाला, वहिनी," ते म्हणाले.

मामी चंदीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"ते त तवाच गेले, भाऊजी. मोकळी मी व्हाची हाये अजून."