ठमीचं ऑपरेशन

आमच्या धामणगाव बढे गावात कुणाची म्हैस माजावर आली, की मालकाआधी शेजारच्या चांगुणामावशीला कळतं. चाळीस वर्षं दुधाचा धंदा! नुसतं रेकणं ऐकून सांगते, "आजच डाक्टरले बलाव, माज हुकला की एकवीस दिस वाया."

तिची मांजर ठमी मागच्या वेळी विताना मरता मरता वाचली. पिल्लू अडकलं होतं. "पुन्हा गाभण राहिली तर जगायची नाही, ऑपरेशन करून टाका," असं मोताळ्याच्या डॉक्टर सुवर्णाताईंनी बजावलं होतं. मावशी आज-उद्या करत राहिली. आणि एका सकाळी ठमी अंगणात लोळून घसा फाटेस्तोवर ओरडायला लागली. पत्र्यावर तीन बोके वऱ्हाडी मंडळींसारखे येऊन बसले.

मावशीने ठमीला दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये घातलं, कॅनच्या तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि माझ्या स्कूटीवर मागे बसली. कॅनमधून आवाज असा घुमत होता, की रस्त्यातली माणसं बाजूला होत होती. हसू आवरेना, हँडल सावरेना!

"डाक्टरीनबाई, घ्या लवकर! सकाळीच माजावर आली, अगदी येळेवर आनली!"

सुवर्णाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, ती घाई म्हशीला गाभण करायची! माजात कापलं तर रक्त जास्त जातं. माज उतरू द्या, मग आणा."

"अन् तंवर ते तीन बोके काय भजन करतीन?"

"कोंडून ठेवा."

मावशीने ठमीला स्वयंपाकघरात कोंडलं आणि दारात काठी घेऊन बसली. बोक्यांना शिव्या, ठमीला गोंजारणं. "लाज नाही वाटत काय बे?" हे अख्ख्या गल्लीने बारा दिवस ऐकलं. ठमी मात्र सुटली नाही.

तेराव्या दिवशी ऑपरेशन झालं. ठमी शुद्धीवर येईपर्यंत मावशीने माझा हात सोडला नाही. डॉक्टर म्हणाल्या, "दहा दिवस पूर्ण आराम."

वाटेत मावशी म्हणाली, "चौथ्या लेकरानंतर माहं आपरेशन झालं. तिसऱ्या दिशी मी धारा काढ्याले बसली व्हती."



घरी पोचलो तर मावशीचे यजमान निवृत्तीकाका ओट्यावर चहाची वाट बघत बसलेले. मावशीने गादी घातली, ठमीला अलगद ठेवलं आणि रिकामी बादली काकांच्या हातात दिली.

"दहा दिस धारा तुमी काढजा. घरात आपरेशनवाल्या दोघीजनी हायेत."

आणि ठमीशेजारी पाय लांब करून आडवी झाली.